जुन्या जीप-पिकअपचे एक्सल आणि ब्रेक : घाट उतरण्याआधी काय बदलायचं, कशाला हात लावायचा नाही

नारायणगाव : जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात आजही बऱ्याच वाड्या-वस्त्यांवर जुनी महिंद्रा जीप, तिची पिकअप, बजाज टेम्पोची मॅटॅडोर नाहीतर टाटाची पहिल्या पिढीतली २०६-२०७ उभी दिसते. काही गाड्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली आहेत, काही अजून रानातून रोडपर्यंत माल काढतात. आता या गाड्या पुन्हा चालू करायची हौस वाढली आहे. कुणाला आजोबांची आठवण जपायची असते, कुणाला नव्या पिकअपचा हप्ता परवडत नाही. इंजिनाचं काम करून घेतलं, रंग मारला, नवीन टायर टाकले की गाडी तयार झाली असं आपण समजतो. पण गाडी चालणं वेगळं आणि थांबणं वेगळं. म्हणून एक्सल आणि ब्रेक या दोनच गोष्टींची सगळी माहिती इथे एकत्र दिली आहे. कात्रण काढून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवलं तरी चालेल.

आपल्या भागातल्या जुन्या गाड्या

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल आपल्याकडे अनेक वर्षं बनत राहिलं. उंच बॉनेटची जी जीप जुन्या फोटोंत दिसते, ती हीच. त्याच घराण्यात पुढे पिकअप, कमांडर, एमएम ५४० अशा गाड्या आल्या. बजाज टेम्पोची (आताची फोर्स मोटर्स) मॅटॅडोर आकुर्डीच्या कारखान्यातली. टाटाची ४०७ ही १९८६ सालची आणि टाटामोबाइल २०६ पिकअप १९८८ सालची.

या गाड्या ज्या काळात बनल्या तेव्हा पुणे-नाशिक रस्ता एकेरी होता आणि जीप ४०-५० च्या वर क्वचितच जायची. आता त्याच रस्त्यावर मागे कंटेनर ८० ने येतो. गाडी जुनीच राहिली, रस्ता बदलला. अडचण इथूनच सुरू होते.

साधं गणित : वजन, वेग आणि उतार

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं कॅरेट साधारण २० किलोचं धरतात. ६० कॅरेट म्हणजे १२०० किलो माल. गाडीचं स्वतःचं वजन १३०० धरलं तर एकूण २५०० किलो होतं. कॅरेटचं आणि माणसांचं वजन यात धरलेलंच नाही.

ब्रेकचं काम म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करून ती हवेत सोडणं. वेग ४० वरून ६० केला तर तो दीडपट होतो, पण ब्रेकवरचं काम सव्वादोन पट होतं. कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं.

आता उतार बघा. २५०० किलोची गाडी सरळ उंचीत १०० मीटर खाली आली की जेवढी ऊर्जा निघते, तेवढ्यात सात लिटर पाणी उकळीला येईल. ६० च्या वेगातून सात वेळा पूर्ण थांबण्याइतकं हे काम आहे. इंजिनाने त्यातला वाटा उचलला नाही तर हे सगळं चार ड्रमांवर येतं. माळशेजला आपण १०० मीटर नाही, काही शे मीटर उतरतो. आणे घाट, अवसरी घाट, खेड घाट, गणेश खिंड, भीमाशंकरच्या रस्त्यावरचे डिंभ्याच्या पुढचे उतार, सगळीकडे हेच गणित लागू आहे.

ड्रम तापला की तो फुगतो, लाइनरपासून लांब जातो आणि पेडल खोल जायला लागतं. लाइनर तापला की त्याची पकड कमी होते. त्याहून तापलं तर व्हील सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल उकळून वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल थेट फळीला टेकतं. लोक याला "ब्रेक फेल" म्हणतात. खरं तर ब्रेक अचानक फेल होत नाही, तो आधी दोन-तीन वेळा सांगतो.

आमच्या घरच्या पिकअपने मलाही सांगितलं होतं. आणे घाटात कांदा भरून उतरताना पेडल रोजच्यापेक्षा बोटभर खाली जात होतं. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत होती. गिअर ऑइल असेल म्हणून मी दोन दिवस ढकलले. तिसऱ्या दिवशी व्हील सिलिंडरचं बकेट फुटलं, आणि सिंगल सर्किट असल्यामुळे चारही चाकांचा ब्रेक एकदम गेला. गाडी सेकंड गिअरमध्ये होती आणि डोंगराकडच्या बाजूला मातीचा ढीग होता, म्हणून हे लिहायला शिल्लक आहे. चूक गाडीची नव्हती, माझी होती.

आधी तपासणी, मग खर्च

काहीही नवीन बसवायच्या आधी आहे ते मूळ स्थितीत आणा. बऱ्याच गाड्यांना एवढंच पुरतं. गाडी सपाट जागेवर घ्या, चाकांना दगड लावा, जॅक लावला तरी खाली लाकडी ठोकळा किंवा स्टँड दिल्याशिवाय आत शिरू नका.

१. चारही ड्रम उघडा. लाइनर किती राहिलाय, रिबिट ड्रमला घासतायत का, ड्रमला आतून कड पडली आहे का हे बघा. लेथवर ड्रम टर्न करताना त्याच्यावर कोरलेल्या जास्तीत जास्त मापाच्या पुढे जाऊ नका. पातळ ड्रम लवकर तापतो आणि तडकतो.

२. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात बसतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

३. व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून बघा. आत ओल असेल तर किट नव्हे, शक्यतो पूर्ण सिलिंडर बदला. आतून गंज धरलेल्या सिलिंडरमध्ये नवीन बकेट सहा महिनेही टिकत नाही.

४. रबरी होज वाकवून बघा, चिरा दिसल्या की बाद. आतून फुगलेला होज जास्त फसवतो. ब्रेक दाबल्यावर ऑइल जातं पण सोडल्यावर परत येत नाही, आणि ते चाक घासत राहतं.

५. तांब्याची साधी नळी कुणी जोडली असेल तर काढा. ब्रेकला स्टीलचीच नळी लागते, आणि तिच्या टोकाला दुहेरी घडीचा फ्लेअर हवा.

६. चाक वर उचलून वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. वर-खाली खडखड असेल तर बेअरिंग किंवा किंगपिन, नुसतं डावी-उजवी असेल तर स्टिअरिंगचे जोड.

७. एक्सलच्या हौसिंगवरचा ब्रीदर शोधा. बोटाएवढी टोपी असते आणि चिखलाने बुजलेली असते. ती बुजली की तापलेल्या हौसिंगमधली हवा सीलमधून ऑइल बाहेर ढकलते आणि ते थेट लाइनरवर येतं. मागच्या ब्रेकला ऑइल येण्याचं मूळ कारण पुष्कळदा ही टोपी असते. लोक मात्र सील बदलत बसतात.

ऑइल पडलेला लाइनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नका. तापल्यावर आत मुरलेलं ऑइल परत बाहेर येतं. लाइनर बदलायचे तर एका एक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

ब्रेक ऑइल : सगळ्यात स्वस्त सुधारणा

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट-३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा घेतल्यावर ही हद्द १४० पर्यंत खाली येऊ शकते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणून घाटात चालणाऱ्या गाडीला डॉट-४ घाला आणि दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, सगळं बदला. डॉट-३ आणि डॉट-४ एकमेकांत चालतात. डॉट-५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते या दोन्हींत मिसळायचं नाही.

इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल किंवा डिझेल चमचाभर जरी ब्रेकच्या टाकीत गेलं तरी सगळी रबरं फुगतात. तसं झालं तर नुसतं धुऊन भागत नाही, मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सगळी रबरं बदलावी लागतात. ट्रॅक्टरचा आणि गाडीचा कॅन एकाच फळीवर ठेवू नका.

एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत साधारण क्रम असा : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

सुधारणा पहिली : डबल सर्किट मास्टर सिलिंडर

जुन्या जीपला मास्टर सिलिंडर पायाखाली फळीच्या खाली असतो आणि सर्किट एकच. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. टँडम म्हणजे दुहेरी मास्टर सिलिंडरमध्ये पुढचा आणि मागचा ब्रेक वेगळा असतो, एक गेला तरी दुसरा शिल्लक राहतो. पैसे एकाच कामापुरते असतील तर ते हे काम असावं.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, मास्टर सिलिंडरचा व्यास. मोठा घेतला तर पेडल कडक होतं आणि जोर जास्त लागतो, लहान घेतला तर पेडल खोल जातं. चाकांच्या सिलिंडरांशी मेळ बसला पाहिजे, म्हणून "बसतोय ना, बसव" हे चालत नाही. दोन, सिलिंडर फळीखालीच राहणार असेल तर ऑइल चाकांकडून खाली परत येऊ नये म्हणून दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह लागतो. ड्रमला साधारण १० पीएसआय, डिस्कला २ पीएसआय. ड्रमचा व्हॉल्व्ह डिस्कला लावला तर पॅड कायम घासतात.

सुधारणा दुसरी : बूस्टर, पण व्हॅक्यूम पंपासकट

पेडल हलकं करण्यासाठी व्हॅक्यूम बूस्टर बसवतात. इथे आपल्याकडे एक चूक हमखास होते. पेट्रोल इंजिनाला स्वतःचा व्हॅक्यूम असतो, डिझेलला तसा मिळत नाही. जुन्या पेट्रोल जीपला नंतर डिझेल इंजिन बसवलेलं असेल आणि बूस्टर मॅनिफोल्डला जोडला असेल, तर तो नुसता शोभेचा डबा आहे. डिझेलला अल्टरनेटरवरचा किंवा वेगळा व्हॅक्यूम पंप लागतोच.

बूस्टर चालू आहे का हे बघायची सोपी रीत : इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं आपोआप खाली गेलं तर बूस्टर ठीक. गेलं नाही तर पंप, पाइप किंवा पडदा खराब.

इंजिन बंद असताना बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच जोर शिल्लक असतो. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं म्हणजे इंजिनाचा ब्रेक आणि बूस्टर दोन्ही आपल्या हाताने काढून टाकणं.

सुधारणा तिसरी : मोठे ड्रम की पुढे डिस्क?

विलीज जातीच्या छोट्या जीपला ९ इंची ड्रम आणि पावणेदोन इंच रुंद लाइनर होता. त्याच घराण्यातल्या विलीज पिकअपला ११ इंची ड्रम आणि २ इंच रुंद लाइनर होता. म्हणजे घासणारं क्षेत्र जवळपास ४० टक्के जास्त. म्हणूनच ९ च्या जागी ११ इंची ड्रम बसवणं हा जीपवाल्यांचा जुना उपाय आहे. बॅकप्लेट, ड्रम, शू, सिलिंडर हा सगळा संच एकाच गाडीचा हवा. माल वाहणाऱ्या आणि कमी वेगाने चालणाऱ्या गाडीला एवढं पुष्कळ आहे.

डिस्कचे फायदे दोन. ती लवकर थंड होते, आणि ओढ्यातून गेल्यावर पाणी लवकर झटकते. ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिले काही दाब रिकामे जातात. पण ड्रमचा शू फिरत्या ड्रममुळे स्वतःच आत ओढला जातो, तशी मदत डिस्कला मिळत नाही. तिला दाब जास्त लागतो. म्हणून बूस्टर न लावता पुढे डिस्क बसवली तर गाडी आधीपेक्षा उशिरा थांबते, आणि पैसे घालून ब्रेक बिघडवला असं होतं.

तिसरी गोष्ट पुढच्या-मागच्या ब्रेकच्या वाटणीची. पिकअप रिकामी असताना मागचा भाग हलका असतो, मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. भरलेली असताना मागच्या ब्रेकची गरज वाढते. नंतरच्या पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ वजनाप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. "त्याने ब्रेक कमी लागतो, काढून टाकू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पाटे वाढवले तर त्या दांडीची सेटिंगही पुन्हा करावी लागते.

एक्सल : बदलायचा केव्हा?

मागच्या एक्सलचे ढोबळ दोन प्रकार. सेमी फ्लोटिंगमध्ये हाफ शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. तो चाकाजवळ तुटला तर चाक बाहेर येऊ शकतं. फुल फ्लोटिंगमध्ये वजन हौसिंगवर आणि बेअरिंगवर असतं, शाफ्ट नुसता फिरवायचं काम करतो. तो तुटला तर गाडी ओढत नाही, पण चाक जागेवर राहतं. जड मालाला दुसरा प्रकार योग्य.

जुन्या जीपच्या बऱ्याच मागच्या एक्सलना शाफ्टचं टोक निमुळतं असतं, त्यावर चावी आणि मोठा नट. हा नट थोडा जरी ढिला राहिला तरी चावी कापते आणि शाफ्ट खराब होतो. हब उघडायला पुलर लागतो. घणाने ठोकून उघडला तर आतलं बेअरिंग मरतं. काही जुन्या विलीज जातीच्या गाड्यांना डाव्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे असतात. उघडत नाही म्हणून पाइप लावून जोर द्यायच्या आधी आटे बघा.

भंगारातून दुसरा एक्सल आणायचा असेल तर या गोष्टी मोजल्याशिवाय पैसे देऊ नका :

– रुंदी. एका ड्रमच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्यापर्यंत. जास्त रुंद असेल तर टायर बॉडीच्या बाहेर येतात.

– पाट्यांच्या बैठकीतलं अंतर. ते जुळत नसेल तर बैठक कापून पुन्हा वेल्ड करावी लागते. हौसिंग वेल्डिंगच्या उष्णतेने वाकतं, मग सील आणि बेअरिंग टिकत नाही. हे काम साच्यात धरूनच करायचं असतं, रस्त्याकडेला नाही.

– पिनियनचा कोन. तो चुकला तर क्रॉस जॉइंट लवकर जातात आणि गाडी ठराविक वेगाला थरथरते.

– चाकाचे बोल्ट. जुन्या जीपला पाच बोल्ट, साडेपाच इंची वर्तुळावर (१३९.७ मिमी). बोल्ट पाच आहेत म्हणजे चाक बसेलच असं नाही.

– रेशो. सीजे-३बी विलीजचा मूळ रेशो ५.३८ होता. नंतरच्या गाड्यांचा त्याहून कमी असतो. कमी रेशोने गाडी पळते चांगली, पण चढाला ओढ कमी लागते आणि उतारावर त्याच गिअरमध्ये इंजिनाची पकडही कमी मिळते. घाटात चालणाऱ्याने हे विसरू नये.

रेशो ओळखायची रीत : एक चाक जमिनीवर ठेवा, दुसरं उचला, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. जो आकडा येईल तो रेशो. पाच फेरे आणि वर जवळपास चौदा आणे आले तर ४.८८ नव्हे, ५.८८ च्या जवळ. म्हणून खडूची खूण करून नीट मोजा.

फोर-व्हील गाडीत पुढचा आणि मागचा रेशो सारखाच पाहिजे. एकच एक्सल बदलून रेशो वेगळा झाला आणि फोर-व्हील टाकून डांबरावर चाललात, तर ट्रान्सफर केस फुटते.

शेवटची गोष्ट हँडब्रेकची. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट उघडला किंवा मागचा एक्सल आतून तुटला की हँडब्रेकही गेला. एक्सल बदलताना नव्या एक्सलच्या चाकांवरचा हँडब्रेक जोडून घेता येत असेल तर जरूर घ्या.

आणि एक्सल मजबूत केला म्हणून माल वाढवायचा नाही. चेसिस, पाटे, स्टिअरिंग, टायर जुनेच असतात. आरसीवर जे वजन आहे तेच खरं.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. नियमाबाहेर बदल केला तर कलम १८२-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

खराब झालेला भाग काढून त्याच मापाचा, त्याच मॉडेलचा भाग बसवणं ही दुरुस्ती आहे. दुसऱ्या मॉडेलचा एक्सल, वेगळी ब्रेक पद्धत, चाकांमधलं अंतर बदलणं हे दुरुस्तीच्या पुढचं आहे. असं काम करायच्या आधी आरटीओत लेखी विचारा, केल्यावर नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांचं काम पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयाकडे, एमएच १४ मध्ये येतं. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस आधी गाडीतले बदल बघतो, हेही लक्षात ठेवा. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर वेगळा मार्ग आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा दुचाकी-चारचाकीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, ती १० वर्षं चालते, पुढचं नूतनीकरण ५ हजारांत. नंबर पाटीवर "व्हीए" ही अक्षरं येतात. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको, आणि गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तसंच इंधन आणि दुरुस्तीसाठी नेता येते. म्हणजे आजोबांची जीप व्हिंटेज करायची की तिच्यातून टोमॅटो न्यायचे, हे आधी ठरवा. दोन्ही एकदम होत नाही.

काम झाल्यावर चाचणी

नवीन लाइनर किंवा पॅड बसले की लगेच माल भरू नका. मोकळ्या रस्त्यावर ४०-५० च्या वेगातून १० पर्यंत हळू ब्रेक दाबत आणा, मध्ये थंड होऊ द्या, असं वीसेक वेळा करा. मग कोरड्या सपाट जागेवर ३० च्या वेगाने जोरात थांबून बघा. गाडी सरळ थांबली पाहिजे. नंतर प्रत्येक ड्रमजवळ हात न टेकवता ऊब बघा. एक गार आणि तीन गरम असतील तर ते एक चाक काम करत नाहीये. एकच फार गरम असेल तर ते घासतंय. शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळती आहे.

थांबायला किती जागा लागते याचा अंदाज : ६० च्या वेगात चांगल्या ब्रेकला, माणसाचा विचार करायचा एक सेकंद धरून, सुमारे ४५ मीटर. ब्रेक अर्धवट असेल तर ६० मीटरच्या वर. म्हणजे फरक दीड एसटीच्या लांबीइतका.

घाटात

ज्या गिअरमध्ये गाडी चढेल त्याच गिअरमध्ये उतरवा. गिअर घाटाच्या तोंडाशीच टाका, मध्ये नाही. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, दाबा आणि सोडा. जळका वास आला किंवा पेडल खोल गेलं की जागा बघून थांबा, चाकांना दगड लावा आणि अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकतो. ब्रेक गेलाच तर पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि गाडी दरीकडे नाही, डोंगराकडे घासवा. मालाच्या गाडीत मागे मजूर बसवू नका. तोडणीच्या दिवसांत हे सगळेच करतात, पण गाडी उलटली की आधी कॅरेटवर बसलेली बाई-माणसं जातात.

निघण्याआधी एक मिनिट

ब्रेक ऑइलची पातळी. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल. पेडल किती खाली जातं. हँडब्रेक धरतो का. चाकाचे नट. एवढं पाच गोष्टींचं काम आहे, चहा गार व्हायच्या आत होतं. पातळी रोज थोडी थोडी कमी होत असेल तर नुसतं ऑइल टाकून पुढे जाऊ नका, ते कुठे जातंय ते शोधा. ज्याने शोधलं नाही त्याचं काय होतं, ते वर लिहिलं आहे.